वाघपादीवर निळं फूल

दामाजीमामाचा आवाज काढायचा तर आधी नाकात पाणी गेल्यासारखं करायचं, मग मान डावीकडे टाकायची आणि खाडीपलीकडच्या माणसाला हाक मारल्यासारखं बोलायचं. समोरचा हातभर अंतरावर असला तरी. "आरं पोरांनू, हात नका लावू! यो आताच निजलाय!"

यो म्हणजे वेल. मामा सगळ्या वेलांबद्दल असंच बोलायचा, पाळण्यातल्या पोराबद्दल बोलावं तसं.

दामाजी बाळू कोळी, राहणार बाळकुम, आमच्या ठाण्याच्या कॉलेजात बॉटनीच्या लॅबचा शिपाई. अठ्ठ्याऐंशीच्या जूनमध्ये आम्ही एफवायला आलो तेव्हा त्याला बावीस वर्षं झालेली. खाकी शर्ट, खिशात पेनाच्या जागी सुई-दोरा. शिक्षण सातवी. पण माजिवड्यापासून खडवलीपर्यंत कुठल्याही कुंपणावरचा वेल दाखवा, सायकलवरून न उतरता नाव सांगायचा. मी डोंबिवलीची, आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरची शेवाळ सोडून काही उगवताना पाहिलेलं नाही. मला त्याच्या वेलांशी काही देणंघेणं नव्हतं. मला तो आवाज हवा होता. आठवड्याभरात बसला, आणि कँटीनमध्ये माझ्या नावावर फुकट चहा सुरू झाला.

मामाचं काम असं. गारवेलीचं फूल सकाळी उमलतं आणि दहा वाजता थुंकलेल्या पानासारखं दिसतं. म्हणून ते आठच्या आत, वेलावरून काढल्या काढल्या दाबावं लागतं. मामा दोन लाकडी फळ्या आणि वर्तमानपत्रांची चळत सायकलच्या कॅरियरला पट्ट्यांनी बांधून निघायचा. फूल कागदावर ठेवायचं, त्याच्या भोंग्यात कापसाचा एवढुसा बोळा घालायचा म्हणजे पाकळ्या एकमेकींना चिकटत नाहीत, मग कागद मिटून पट्टे आवळायचे. रोज कागद बदलायचे. सुकलं की जाड कागदावर बसवायचं. बाकीच्या कॉलेजांत डिंक लावतात. मामा टाके घालायचा.

"डिंकाला झुरलां लागतान," तो म्हणायचा. "टाका धरतो. जाल्यासारका."

आणि मग कागदाच्या कोपऱ्यात लेबल लागायचं. लेबलावर वेलाचं नाव, गाव, तारीख, आणि खाली दोन ओळी. 'कलेक्टेड बाय', म्हणजे गोळा कुणी केला. आणि 'डिटरमाइंड बाय', म्हणजे ओळखला कुणी. दोन्ही ओळींत एकच नाव: डॉ. सौ. सरस्वती टिपणीस. आमच्या एचओडी. बावीस वर्षांत कपाटात साडेचारशे कागद जमले होते, आणि मॅडमच्या चपलेला चिखल लागलेला कुणी बघितला नव्हता.

टिपणीस मॅडमचा आवाज काढायला सोपा. इस्त्रीचा. प्रत्येक शब्दाला घडी.

ऑगस्टमध्ये एका प्रॅक्टिकलला मामा टेबलाशी उभा राहिला. हात पाठीमागे.

"बाई, एक बोलू?"

"बोल."

"त्या पहिल्या वलीत एकदा माजा नाव टाका ना. एकदाच. बालकुमला जनीला दाखवीन." जनी म्हणजे त्याची बायको जनाबाई. ठाण्याच्या बाजारात मासे विकायची.

मॅडमनी चष्मा काढला. चष्मा काढला की विनोद येतो, हे आम्हाला एव्हाना पाठ होतं. "दामाजी, भाजी बाजारातून कोण आणतं आणि आमटीला नाव कुणाचं होतं?"

आम्ही साठ जण हसलो. मॅडमच्या विनोदाला हसण्याचे जर्नलमध्ये मार्क असतात असा आमचा समज होता.

मामाही हसला. पण हलला नाही.

"बरं," मॅडम म्हणाल्या, "मला ओळखता येणार नाही असा एखादा वेल आण. माझ्या पेनाने तुझं नाव घालीन. ही सगळी मुलं साक्षीला आहेत."

झालं. त्या दिवसापासून मामा दर सोमवारी एक वेल आणायला लागला. कधी बाळकुमच्या खाडीकाठचा, कधी माजिवड्याच्या नाक्यामागचा, एकदा तर कल्याणच्या किल्ल्याच्या उतारावरचा, गुडघा सोलून. मॅडम मान वर न करता सांगायच्या, "रेल्वे क्रीपर. रुळाच्या कडेला मैलभर आहे. पुढे." "गणेशवेल. कुणाच्या दारावरून चोरलास?" मामा "हा बाई" म्हणायचा आणि वेल घेऊन परत जायचा. आम्ही मागून "पुऽढे!" करायचो.

कल्पना कुंड्याची. कुंडलिक, कल्याणचा, कंपासपेटीत कंपास सोडून सगळं ठेवणारा. ऑक्टोबरातल्या एका रविवारी खडवलीची ट्रिप होती. सकाळी सातला आम्ही नदीच्या काठावर. मॅडम झाडाखाली सतरंजीवर, टोपी घालून, थर्मासमधला चहा पीत.

"मामाला वेल पायजे ना? देऊया," कुंड्या म्हणाला.

तिथे वाघपादी होती. तिचं पान वाघाच्या पंज्यासारखं फाटलेलं, अंगभर लव, आणि फुलं इवलीशी, केसाळ पानांच्या वाटीत बसलेली. शेजारच्या करवंदीवर निळी गारवेल, फूल लांबूनही दिसेल एवढं. कुंड्याने वाघपादीच्या वाटीतल्या कळ्या नखाने खुडल्या. डिंकाची बाटली काढली. गारवेलीचं निळं फूल देठासकट त्या केसाळ वाटीत बसवलं. जोड दिसेना. वाघाच्या पंज्यावर निळा भोंगा. इतकं सुंदर दिसत होतं की क्षणभर मलाच वाटलं, असं का नसतं?

आवाजाचं काम माझं. "मामा! ओ मामा! हा वेल बघा कसला!"

मामा आला. बघितला. आधी चेहरा असा उजळला की कुंड्याने माझा हात दाबला. मग मामाने अंगठ्याने वाटीच्या बुडाशी चाचपलं. डिंक ओला होता. अंगठा चिकटला. त्याने तो सावकाश सोडवला आणि पँटला पुसला.

आम्ही पळायच्या तयारीत.

"कुटं गावला गो?" त्याने मला विचारलं.

"देवळामागे."

"एकच हाय?"

"एकच."

तो तिथेच खाली बसला. मग त्याने खिशातून कापूस काढला, भोंग्यात बोळा घातला, कागद मिटला आणि फळ्यांचे पट्टे नेहमीपेक्षा एक भोक जास्त आवळले. उठला, सतरंजीशी गेला आणि म्हणाला, "बाई, आज येक येगलाच हाय. देवलामागं. मना गावला."

मना गावला! कुंड्या करवंदीत तोंड घालून हसत होता. मामाला खेचायला गेलो होतो, आणि मामा स्वतःच दोरी धरून पुढे निघाला होता.

आठ दिवसांनी वेल सुकला. मामाने कागदावर बसवला. बसवताना मी शेजारी उभी होते, हे सांगते. एरवी एका वेलाला सहा टाके. ह्याला सात. सातवा, हिरव्या दोऱ्याचा, बरोबर त्या केसाळ वाटीवरून. जोड असा झाकला की खाली डिंक आहे की देव, कळू नये.

"मामा, इथे पण टाका?" मी निरागस आवाजात विचारलं. तो आवाजही मला येतो.

"जिथं निसटतो तिथं घालायचा," मामा म्हणाला. वर बघितलं नाही.

मॅडम तीन दिवस पुस्तकं घेऊन बसल्या. भिंग, सुई, पुन्हा भिंग. पानावरून गेल्या तर फूल बसेना, फुलावरून गेल्या तर पान बसेना. मामा रोज दारात उभा. चौथ्या दिवशी त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "हे कुठेच नाही." त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या आवाजाची घडी मोडली. मला तो सूर अजून नीट जमत नाही.

त्यांनी मामाला दोनदा खडवलीला पाठवलं, दुसरा वेल आण म्हणून. मामा दोनदा जाऊन आला. "गुरांनी खाल्ला, बाई." पायाला खडवलीचा चिखल खरा, बाकी सगळं खोटं.

मग लेबल लिहायचा दिवस आला. मामाने केस कापून घेतले होते. मॅडमनी पेन उघडलं आणि पहिल्या ओळीत लिहिलं: डॉ. सौ. सरस्वती टिपणीस. दुसऱ्या ओळीत तेच.

"बाई," मामा म्हणाला, "तुमी बोल्ल्या व्हत्या."

"काय बोलले होते?"

"वलखला नाय तर माजा नाव."

"अरे दामाजी, ट्रिप कुणाची होती? माझी. माझ्या ट्रिपमध्ये सापडलं ते माझं कलेक्शन. आणि हे आता साधं राहिलेलं नाही, जगासमोर जाणार आहे. तिथे कोळी कोण, असं विचारलं तर मी काय सांगू?" मग त्यांना दया आली. "पेढे आणायला सांगितलेत. तू वाट. तुझ्या हातून होऊ दे."

नवीच जात म्हणून वेलाला त्यांनी यजमानांचं आडनाव द्यायचं ठरवलं होतं, टिपणीसी. नोटीस बोर्डावर लागलं. मामाने सगळ्या डिपार्टमेंटांत पेढे फिरवले. आमच्या बाकापाशी आला तेव्हा कुंड्याने दोन उचलले.

"घे," मामा म्हणाला. "तुजाच हाय."

तेव्हाही तो बोलू शकला असता. बाई, फूल काढून बघा, एवढंच. बोलला नाही. कागद पुण्याच्या मोठ्या ऑफिसात तपासणीला गेला. पुठ्ठ्याचं पार्सल मामानेच बांधलं, मामानेच पोस्टात टाकलं. त्या दिवशी तो शीळ घालत होता असं कुंड्या म्हणतो. मी ऐकली नाही, म्हणून काढून दाखवत नाही.

डिसेंबरात पार्सल परत आलं. मॅडमची केबिन म्हणजे लॅबमधलंच अर्ध्या उंचीचं पार्टिशन. वरून सगळं ऐकू येतं. कागद फाटल्याचा आवाज. मग मॅडमची खुर्ची. पुण्याच्या लोकांनी, रिवाजाप्रमाणे, फूल उघडून बघायला गरम पाण्यात भिजवलं होतं. त्यासाठी टाका कापला. फूल वाटीतून निघून पाण्यावर तरंगायला लागलं. त्यांनी फूल एका पुडीत, वेल कागदावर, असं परत पाठवलं होतं आणि चिठ्ठीत चारच ओळी: दोन वनस्पती एकत्र जोडल्या आहेत, जोडावर टाका घातला आहे. नमुना गोळा करणाऱ्याकडे चौकशी व्हावी.

अर्ध्या तासाने प्रिन्सिपल आले. नाकातून बोलणारे, प्रत्येक वाक्याला 'आय से'. मामाला बोलावलं. आम्ही सूक्ष्मदर्शकांवर वाकून बसलो.

"आय से दामाजी, हे लेबल बघ. इथे कलेक्टेड बायमध्ये कुणाचं नाव आहे?"

मामाला इंग्रजी येत नव्हतं. पण ती अक्षरं येत होती, जनाबाईच्या रेशनकार्डावर कुणीतरी त्याला गिरवून दिलेली.



"डी बी कोली," मामा म्हणाला.

त्या अर्ध्या तासात जुनं लेबल सोलून मॅडमनी नवीन चिकटवलं होतं. स्वतःच्या पेनाने. ओळखणाऱ्याची ओळ रिकामी.

"मी आधीच सांगितलं होतं सर, हे त्यानेच आणलेलं, माझ्यावर विश्वासाने..." मॅडमची इस्त्री परत बसली होती.

"आय से, तू जोडलंस का हे? का पोरांनी कुणी?"

कुंड्याच्या हातातली काचपट्टी तुटली. पार्टिशनच्या अलीकडे आम्ही साठ जण, पलीकडे मामा, मध्ये फक्त चार फळ्या. त्याने आमचं नाव घ्यायचं, आणि आमचं वर्ष गेलं. पण 'मना गावला' कोण म्हणालं होतं? सातवा टाका कुणाचा होता?

"नाव माजा हाय ना तितं?" मामा म्हणाला. "मंग मीच."

बावीस वर्षांच्या नोकरीनंतर त्याला खाली सायकल स्टँडवर टाकलं. पत्र्याची शेड, एक स्टूल, खिळ्यांना लटकवलेले पत्र्याचे नंबरी बिल्ले. सायकल लावली की एक बिल्ला हँडलला, एक मालकाच्या हातात. लॅबमध्ये मग गारवेली अकरा वाजता दाबल्या जाऊ लागल्या आणि कागदावर पानाच्या पिंकेसारख्या उमटू लागल्या.

जानेवारीत विज्ञान प्रदर्शन. एका भिंतीवर मॅडमचे साठ निवडक कागद, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर तो एक, वेल वेगळा, फूल वेगळं, वर लाल अक्षरांत पाटी: 'खोटा नमुना. असे करू नये.' त्या टेबलावर समजावून सांगायला मला बसवलं होतं. मॅडमना माझं पाठांतर आवडायचं.

दुपारी मामा आला. धुतलेला शर्ट. मागे जनाबाई, बाजारातून थेट, नाकात नथ, पदराला बर्फाचं पाणी. माशांची टोपली खाली सायकल स्टँडवर ठेवून आलेली, पण वास बरोबर आलेला.

मामा पाटी वाचू शकत होता. मराठीच होती. तो पाटीकडे बघतच नव्हता. लेबलावर बोट ठेवून म्हणाला, "यो बग. मी."

"कंचा?"

"यो. डी, बी, कोली."

जनाबाईने वाकून बघितलं. बरं वाटलेलं दिसलं तिला. मग बोट वर नेलं. "नि ह्या लाल काय लिवलाय?"

मामाने माझ्याकडे बघितलं. फक्त बघितलं. मी काहीही वाचू शकले असते. वेलाचं नाव आहे, म्हणायचं. बक्षीस आहे, म्हणायचं. पण पलीकडे कुंड्या उभा होता, दोन-चार पोरी होत्या, आणि जीभ आधीच मॅडमच्या घडीत जाऊन बसली होती.

"खोटा नमुना," मी मॅडमच्या आवाजात वाचलं. "असे, करू, नये."

कुंड्या फुटला.

जनाबाई सरळ झाली. भिंतीवरच्या साठ कागदांकडे बघितलं. "त्या बाकीची फुला कुनाच्या नावाव?"

"मॅडमच्या," मी म्हणाले.

"ती कुनी आनलीवती?"

मी टेबलावरची पाटी सरळ केली.

मग तिने तो आवाज काढला. आठ आण्यांना बोंबिलाचा वाटा विकायचा आवाज, सगळ्या हॉलभर, जिथे मॅडम पाहुण्यांना भिंत दाखवत होत्या तिथपर्यंत. "म्हंजे ताजा म्हावरा बायचा, नि नासका तुजा? नि ता दावाया मना बाजार टाकून आनलंस?"

"आगो, हलू बोल," मामा म्हणाला.

"तुजा नाव त्या नासक्याव. बग बग. पोट भरून बग." आणि निघून गेली. जिन्यावरून चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला.

त्याच संध्याकाळी मी जनाबाई बसवली. कँटीनमध्ये तीनदा करावी लागली.

प्रदर्शन उतरवताना कळलं, खोट्या नमुन्याचं लेबल गेलंय. कागद जागेवर, फक्त कोपरा ब्लेडने चौकोनी कापलेला. मॅडमनी आमच्या बॅगा तपासल्या. सायकल स्टँडवर बघायचं कुणाला सुचलं नाही.

मला दिसलं ते फेब्रुवारीत, कुंड्याची सायकल घ्यायला गेले तेव्हा. मामाच्या स्टुलामागे, बिल्ल्यांच्या खिळ्यांच्या वर, एका खिळ्याला जाड कागद टांगलेला. त्यावर स्टँडच्या कुंपणावरची गारवेल. सहा टाके. फूल निळं, उघडं, एक घडी नाही. बावीस वर्षांच्या त्या कपाटातसुद्धा इतकं चांगलं दाबलेलं मी बघितलं नव्हतं. कोपऱ्यात ते लेबल, चारी बाजूंनी टाके घालून.

"मामा," मी म्हणाले, "ह्यावर खडवली लिहिलंय. तारीखपण ऑक्टोबरची. सगळं खोटं."

"गाव खोटा, तारीख खोटी," मामा म्हणाला. "वेल खरा हाय. नि नाव खरा हाय."

काय वाक्य! नाकात पाणी, मान डावीकडे, 'नाव खरा हाय'. असं फुकट मिळालेलं वाक्य कोण सोडतं? मी गॅदरिंगला स्टेजवर केलं. आधी प्रिन्सिपल, मग जनाबाई, आणि शेवटी मामा, स्टुलावर बसून, मागच्या खिळ्याकडे बोट दाखवत. टाळ्या, शिट्ट्या. पहिल्या रांगेत टिपणीस मॅडम बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. चष्मा काढला नाही. त्यांनी फक्त शेजारच्या प्रिन्सिपलना विचारलं, "खिळा? कुठला खिळा?"

दुसऱ्या दिवशी खिळा रिकामा होता. मॅडम स्वतः खाली आल्या होत्या म्हणे. बावीस वर्षांत पहिल्यांदा सायकल स्टँडवर. टाके ओढून तोडल्यामुळे लेबलाचे चार तुकडे झाले, ते त्यांनी पर्समध्ये घातले. वेल तिथेच टाकला. तो बिल्ल्यांखाली पडला होता, निळ्या फुलावर कुणाच्या तरी टायरची नक्षी.

मी कुंड्याची सायकल लावली. कुंपणावर गारवेल दाटून आली होती, पांढरी, जांभळी आणि एक पिवळट, तिचं नाव मला माहीत नव्हतं. मी त्याच्याच आवाजात विचारलं. दुसरा आवाजच आला नाही तोंडात. "मामा, यो कंचा वेल?"

एकेकाळी मान वळवायच्या आत नाव यायचं. मामाने खिळ्यावरून बिल्ल्यांची जोडी काढली, एक हँडलला अडकवला आणि दुसरा माझ्या हातावर ठेवला.

"सत्तावीस," तो म्हणाला. "हरवू नको."